ड्रॅक्युलाचा मॅनेजर

खरं तर या पानांवर लेख येणार नव्हता, कॉमिक येणार होतं. आठ पानांचं, विनोदी, माझ्या हातचं. साल १८९०, गाव लंडन, रस्त्यावर धुकं, घोडागाड्या, गॅसचे दिवे आणि नायक म्हणजे एक बिचारा व्हॅम्पायर. तो भाड्यानं खोली शोधत हिंडतो. घरमालकीण त्याला आधीच बजावते की रात्री दहानंतर बाहेर जायचं नाही आणि खोलीवर जेवण आणायचं नाही. (होस्टेलच्या नोटीस बोर्डाशी साम्य आढळल्यास तो योगायोग समजावा.) सबमिशनच्या आदल्या रात्री जर्नलच्या मागच्या पानांवर मी पहिले तीन सीन काढले, तेव्हा माझी रूम-पार्टनर हसून हसून कॉटवरून खाली आली. मग संपादक मंडळाचा निरोप आला की मराठी विभागाला चित्रांची पानं मिळत नाहीत, मजकूर असेल तर द्या.

म्हणून हा मजकूर. माझं शिक्षण कॉन्व्हेंटचं, त्यामुळे ऱ्हस्व-दीर्घ पार्टनरनं तपासलेत. काही राहिलं असेल तर ते तिच्या नावावर.

तर, जुन्या काळातलं कॉमिक काढायचं म्हणजे टोपी कशी होती, दिवा कसा होता, बायकांच्या बाह्या कशा होत्या हे सगळं बघावं लागतं. ते बघता बघता मी ‘ड्रॅक्युला’ लिहिणाऱ्या माणसापर्यंत पोचले आणि तिथेच अडकले. त्याचं नाव ब्रॅम स्टोकर. ड्रॅक्युला कोण, हे आपल्या मेसच्या काकांनाही माहीत आहे. स्टोकर कोण असं मी विंगमध्ये विचारलं, तर एकीनं बॉयलरमध्ये कोळसा टाकणारा असं उत्तर दिलं. मेकॅनिकलची आहे, तिचं चुकलं नाही. या लेखात मी त्याला ‘तो’च म्हणणार आहे. थोरामोठ्यांना ‘ते’ म्हणतात हे मला ठाऊक आहे, पण ज्याच्यासोबत महिनाभर रात्री जागल्या त्याला अहो-जाहो करणं जमत नाही.

अब्राहम स्टोकर ८ नोव्हेंबर १८४७ रोजी आयर्लंडमध्ये, डब्लिनजवळच्या क्लोन्टार्फला जन्मला. आयर्लंडमध्ये ते साल काळं सत्तेचाळीस म्हणून ओळखतात. बटाट्यावर रोग पडून पिकं सडली होती. माणसं भुकेनं आणि तापानं मरत होती आणि उरलेली जहाजं भरभरून अमेरिकेला चालली होती. स्टोकरांच्या घरी तशी उपासमार नव्हती. वडील डब्लिन कॅसलमध्ये, म्हणजे तिथल्या इंग्रज सरकारच्या मुख्य कचेरीत, कारकून होते. सात भावंडांतला हा तिसरा. पण हा पोरगा जन्मापासून अंथरुणाला खिळलेला. सात वर्षांचा होईपर्यंत तो आपल्या पायांवर उभा राहिला नाही आणि दुखणं काय होतं त्याचा पत्ता शेवटपर्यंत लागला नाही.

सात वर्षं छताकडे बघत पडलेल्या मुलाला काय सांगायचं? आई शार्लट गोष्टी सांगायची. ती स्लायगो गावची. १८३२ मध्ये तिथे कॉलऱ्याची साथ आली तेव्हा ती लहान मुलगी होती आणि तिनं ती साथ डोळ्यांनी पाहिली होती. जीव जायच्या आत घाईघाईनं पुरलेली माणसं, प्रेतांच्या ढिगातून उठून बसलेला माणूस, घरात साथ शिरू नये म्हणून दारं-खिडक्या लावून आत बसलेली कुटुंबं, अशा तिच्या खऱ्या गोष्टी. पुढे मोठा झाल्यावर स्टोकरनं तिच्याकडून त्या आठवणी मुद्दाम लिहून घेतल्या. मेलेला माणूस पुरता मेलेला नसतो, ही कल्पना त्याला कुठल्या किल्ल्यात सापडली नाही. ती त्याला आईनं अंथरुणाशी बसून भरवली.

मग एकाएकी तो बरा झाला, आणि नुसता बरा नाही झाला, धिप्पाड झाला. १८६४ मध्ये डब्लिनच्या ट्रिनिटी कॉलेजात गेला तेव्हा हा लाल दाढीचा गडी मैदानं गाजवायला लागला. कॉलेजच्या दोन्ही मोठ्या वादसभांचा तो प्रमुख झाला. थोडक्यात, प्रत्येक बॅचमध्ये एक असतो ना, जो स्पोर्ट्समध्ये पण असतो, डिबेटमध्ये पण असतो आणि लेक्चरला मात्र नसतो, तो हा. १८७० मध्ये त्याला बी.ए. मिळाली. म्हातारपणी त्यानं लिहून ठेवलं की आपण गणितात ऑनर्स घेऊन पास झालो. कॉलेजच्या दप्तरात मात्र साधी डिग्री आहे. आपल्यातल्या कितीजणांच्या बायोडेटात अशी एखादी ओळ आहे ते मी विचारत नाही.

बाप ज्या कचेरीत होता त्याच कचेरीत हाही कारकून झाला. दिवसा फायली आणि संध्याकाळी नाटक. ‘डब्लिन इव्हिनिंग मेल’मध्ये नाटकांवर नीट कोणी लिहीत नाही म्हणून त्यानं स्वतःहून परीक्षणं लिहायला सुरुवात केली, तीही बिनपगारी. या पेपरच्या मालकांपैकी एक होता शेरिडन ले फानू. त्याची ‘कार्मिला’ ही स्त्री-व्हॅम्पायरची गोष्ट १८७२ मध्ये पुस्तकात आली, स्टोकरच्या काउंटच्या पंचवीस वर्षं आधी.

त्याच १८७२ मधली एक गोष्ट मला फार जवळची वाटली. वॉल्ट व्हिटमन या अमेरिकन कवीच्या कविता वाचून स्टोकर वेडा झाला आणि त्यानं एका रात्री त्याला लांबलचक पत्र लिहिलं. आपली उंची, वजन, स्वभाव, सगळं मनमोकळं. आणि ते पत्र टपालात न टाकता ठेवून दिलं. चार वर्षं. १८७६ मध्ये धीर करून ते धाडलं, तेव्हा व्हिटमनचं प्रेमानं उत्तर आलं. पुढे अमेरिकेत दोघांची भेटही झाली. एवढा आडदांड खेळाडू आणि एक पत्र पेटीत टाकायला चार वर्षं. ज्यांच्या ड्राफ्ट्समध्ये अशी पत्रं पडून आहेत त्यांना हे कळेल.

त्याच वर्षाच्या शेवटी त्याच्या आयुष्यातला मुख्य माणूस आला. हेन्री आयर्व्हिंग हा त्या काळचा इंग्लंडचा सगळ्यात मोठा नट. तो डब्लिनला ‘हॅम्लेट’ घेऊन आला होता. स्टोकरचं परीक्षण त्यानं वाचलं आणि त्याला शेलबर्न हॉटेलवर जेवायला बोलावलं. जेवणानंतर आयर्व्हिंगनं सगळ्यांसमोर एका खुनी शिक्षकावरची टॉमस हूडची कविता म्हणून दाखवली. ती संपली तेव्हा आयर्व्हिंग स्वतः दमून कोसळल्यासारखा झाला आणि स्टोकरला, या एकोणतीस वर्षांच्या दणकट सरकारी नोकराला, हिस्टेरियाचा झटका यावा तसं रडू फुटलं. हे त्यानं स्वतः लिहून ठेवलंय, आणि लाज न बाळगता. त्या रात्री त्याचं काय व्हायचं ते झालं.

१८७८ मध्ये आयर्व्हिंगनं लंडनचं लायसियम थिएटर चालवायला घेतलं आणि स्टोकरला मॅनेजर म्हणून बोलावलं. पेन्शनीची पक्की सरकारी नोकरी होती. कनिष्ठ कोर्टांच्या कारकुनांनी कामं कशी करावीत यावर त्याचं एक जाडजूड पुस्तक तयार होत होतं, जे १८७९ मध्ये छापून आलं आणि अत्यंत रुक्ष आहे हे त्याला स्वतःलाही मान्य होतं. या सगळ्यावर पाणी सोडून तो निघाला. लग्न घाईघाईत ४ डिसेंबरला उरकलं. बायको फ्लोरेन्स बाल्कम ही डब्लिनमधली नावाजलेली सुंदर मुलगी. तिच्यावर आधी ऑस्कर वाइल्डचं मन होतं. लग्नानंतर पाच दिवसांत नवरा-बायको आयर्व्हिंगच्या कंपनीत बर्मिंगहॅमला हजर. पुढच्या वर्षी मुलगा झाला, त्याचं नाव आयर्व्हिंग नोएल ठेवलं. या मुलानं मोठा झाल्यावर पहिलं नाव वापरणं सोडून दिलं. त्याच्या घरात त्या नावाला किती जागा होती याचा अंदाज यावरून करा.

आता मॅनेजर म्हणजे काय? यंदाच्या गॅदरिंगपर्यंत मलाही कळलं नसतं. एकांकिकेला माझ्याकडे प्रॉडक्शन आलं होतं. म्हणजे हॉलची परवानगी, जनरेटरचं डिझेल, मांडववाल्याचं बिल, ऐनवेळी हरवलेला फेटा आणि नायकाला लागलेली भूक. बक्षीस मिळालं तेव्हा स्टेजवर सोळाजण उभे होते आणि मी खाली एक्स्टेन्शन बोर्ड गुंडाळत होते. रागावले नव्हते, असं म्हणू का? रागावले होते. त्याच आठवड्यात मी स्टोकर वाचायला घेतला होता.

त्यानं हे काम २७ वर्षं केलं. लायसियमचा पैसा-अडका, पगार, तिकिटं, जाहिराती, अमेरिकेचे आठ दौरे. सेट, कपडे आणि माणसं जहाजांत आणि आगगाड्यांत भरायची, वेळेवर पोचवायची आणि परत आणायची. पहिल्या प्रयोगाच्या रात्री सूट घालून जिन्याच्या वर उभं राहायचं आणि येणाऱ्या बड्या मंडळींचं स्वागत करायचं. आयर्व्हिंगची पत्रं लिहायची. स्टोकरच्याच हिशेबानं त्यानं आयर्व्हिंगसाठी पाच लाखांच्या आसपास पत्रं लिहिली. मी कॅल्क्युलेटरवर बघितलं, दिवसाला पन्नास पडतात, सुट्टी न धरता. मध्येच, १८९० मध्ये, हा माणूस वकिलीची सनदही मिळवून बसला. कधी अभ्यास केला देव जाणे.

आपल्या वाचकांसाठी एक इलेक्ट्रिकलचा किस्सा. १८८५ मध्ये लायसियमला ‘फाउस्ट’ आलं. त्यात एक तलवारबाजी आहे आणि आयर्व्हिंगला सैतानाच्या भूमिकेत असताना तलवारींतून ठिणग्या हव्या होत्या. एडिसनचा लंडनमधला भागीदार कर्नल गुरो यानं त्याची सोय लावून दिली. स्टेजवर ठरलेल्या अंतरावर दोन लोखंडी पट्ट्या बसवल्या. नटाच्या बुटाखाली धातू, तिथून वायर कपड्यांच्या आतून रबरी हातमोज्यापर्यंत आणि मोज्याच्या तळव्यात पोलादाचा तुकडा, जो तलवारीच्या मुठीला टेकेल. दोघांनी आपापल्या पट्टीवर पाय ठेवला आणि तलवारी भिडल्या की सर्किट पूर्ण आणि ठिणगी. अर्थिंगचं काय केलं होतं, इन्शुलेशन किती होतं, असे प्रश्न आमच्या लॅबमध्ये विचारले तर व्हायव्हाला तास लागेल. हा सगळा तपशील आपल्याला कळतो तो मॅनेजरनं लिहून ठेवला म्हणून.

आणखी एक प्रसंग सांगते, कारण तो कुठल्याही हिशेबाच्या वहीत बसत नाही. १८८२ च्या सप्टेंबरमध्ये स्टोकर थेम्स नदीतल्या बोटीतून कामावर निघाला होता. बोटीतल्या एका माणसानं जीव द्यायला पाण्यात उडी टाकली. स्टोकरनं कोट काढला आणि त्याच्यामागे उडी मारली. काही मिनिटं झटापट करून त्याला धरलं, बाहेर काढलं आणि चेल्सीतल्या स्वतःच्या घरी आणलं. माणूस वाचला नाही. रॉयल ह्युमेन सोसायटीनं स्टोकरला ब्राँझचं पदक दिलं. घरच्या डायनिंग रूममध्ये एक अनोळखी प्रेत बघून फ्लोरेन्सला काय वाटलं असेल, ते कोणी पदकावर लिहीत नाही.

या सगळ्या धबडग्यात त्यानं ‘ड्रॅक्युला’ लिहिलं. सात वर्षं लागली. पहिलं टिपण मार्च १८९० चं. एक तरुण, काही बायका, त्यातली एक त्याच्या गळ्याचं चुंबन घ्यायला वाकते आणि म्हातारा काउंट मध्ये पडतो, एवढंच. त्या काउंटला नावही नव्हतं धड, नुसतं वॅम्पिर. गोष्ट घडायची होती ऑस्ट्रियातल्या स्टिरियात. त्याच उन्हाळ्यात सुट्टीला तो यॉर्कशायरच्या किनाऱ्यावर व्हिटबीला गेला. कड्यावर पडका मठ, खाली मासेमारांचं गाव, दफनभूमीत बुडालेल्या खलाशांचे दगड. सुट्टीत माणसं पाण्यात खेळतात. हा गावच्या लायब्ररीत जाऊन बसला. तिथे विल्यम विल्किन्सन नावाच्या इंग्रज वकिलातीतल्या अधिकाऱ्याचं १८२० सालचं पुस्तक त्याच्या हाती लागलं, वालाकिया आणि मोल्डाव्हिया या प्रांतांवरचं. त्यात ड्रॅक्युला हे नाव होतं आणि तळटीप होती की तिकडच्या भाषेत त्याचा अर्थ सैतान. झालं, वॅम्पिरवर काट मारली गेली.

इथे एक गैरसमज काढते, कारण कॉमिक काढताना मीही त्यात पडले होते. रुमानियाचा व्लाड नावाचा क्रूर सरदार, जो शत्रूंना सुळावर चढवायचा, त्याचंच चरित्र म्हणजे ड्रॅक्युला असं सर्रास सांगतात. स्टोकरच्या टिपणांत व्लाड हे नावही नाही, सूळही नाही. त्यानं फक्त नाव उचललं आणि थोडा इतिहास. ट्रान्सिल्व्हानियाला तो जन्मात गेला नाही. तिथले डोंगर, जेवण, अंधश्रद्धा, सगळं पुस्तकांतून. व्हिटबीच्या किनारा-रक्षकांकडून त्यानं १८८५ मध्ये तिथे वाळूत रुतलेल्या ‘दिमित्री’ या रशियन जहाजाची माहिती घेतली, जे नार्व्हा बंदरातून आलं होतं. कादंबरीत ते ‘डिमीटर’ झालं आणि व्हार्ना बंदरातून आलं. अक्षरं इकडची तिकडे करून काम भागवलंय. असाइनमेंट कॉपी करताना व्हेरिएबलची नावं बदलतात, तसंच.

लंडन लायब्ररीचाही तो सभासद होता. २०१८ मध्ये तिथल्या माणसांनी त्याची टिपणं आणि कपाटातली जुनी पुस्तकं ताडून बघितली, तेव्हा २६ पुस्तकं सापडली ज्यांच्या समासात पेन्सिलीच्या खुणा आहेत आणि पानांचे कोपरे दुमडलेले आहेत, नेमके त्याच मजकुराशी जो टिपणांत उतरवलाय. म्हणजे जगातली सगळ्यात प्रसिद्ध भुताची गोष्ट लायब्ररीच्या पुस्तकांवर रेघोट्या मारून लिहिली गेली. आपल्या लायब्रेरियन सरांनी हा परिच्छेद वगळून वाचावा.

कादंबरी मी पहिल्यांदा वाचली ती सिनेमे बघून झाल्यावर, त्यामुळे मला धक्केच बसत गेले. पुस्तकातल्या काउंटला भरघोस मिशा आहेत. तो उन्हात जळून जात नाही. भर दिवसा लंडनच्या रस्त्यात फिरतो, फक्त दिवसा त्याच्या शक्ती चालत नाहीत. त्याच्या किल्ल्यात एकही नोकर नाही, म्हणून गाडी तोच हाकतो, टेबल तोच लावतो आणि पाहुण्याचा पलंगही गुपचूप तोच आवरतो. पाहुणा हे दाराच्या फटीतून बघतो आणि घाबरतो. मला ते वाचून हसू आवरेना. आणि रात्री हा सैतान काय वाचत पडलेला असतो? इंग्लंडच्या आगगाड्यांचं टाइमटेबल! माझ्या कॉमिकातले सगळे विनोद स्टोकरनं शंभर वर्षं आधीच करून ठेवलेत, तेही गंभीर चेहऱ्यानं.

गंमत बाजूला ठेवून सांगते. ‘ड्रॅक्युला’ वाचताना मला कळलं की त्याला खरं मारतं कोण. सुरा नाही, क्रूस नाही. त्याला मारते ऑफिसची कामाची पद्धत. अख्खी कादंबरी डायऱ्या, पत्रं, तारा, जहाजाची लॉग-बुक, वर्तमानपत्राची कात्रणं आणि फोनोग्राफवर बोलून ठेवलेल्या नोंदी यांची बनलेली आहे. सुरुवातीला प्रत्येकाकडे एकेक तुकडा आहे आणि कोणालाच काही कळत नाही, तोवर काउंट जिंकत असतो. मग मीना हार्कर टाइपरायटर घेऊन बसते. सगळी कागदपत्रं तारखेप्रमाणे लावते आणि प्रती काढते. तिला गाड्यांची वेळापत्रकं तोंडपाठ आहेत. एका रात्री काउंट घुसून मूळ कागद आणि फोनोग्राफचे सिलिंडर जाळून टाकतो, पण तिजोरीत दुसरी प्रत असते. बॅकअप! १८९७ सालचा बॅकअप. तिथून त्याची उलटी गिनती सुरू होते. कुठलं जहाज, कुठलं बंदर, कुठली नदी, हिशेब करून ती माणसं त्याच्या पेटीपर्यंत पोचतात. वार आणि तारखासुद्धा १८९३ च्या कॅलेंडरशी जुळतात. हे ज्याला सुचलं तो नुसता लेखक नव्हता. दौऱ्यावरची नाटक कंपनी आगगाडीतून वेळेवर पोचवणारा माणूस होता. कनिष्ठ कोर्टांच्या कारकुनांना दप्तर सांभाळायला शिकवणारा माणूस होता. त्या रुक्ष पुस्तकाला आणि या भयकथेला एकच आई आहे.

(ल्युसीला एकामागून एक चार पुरुषांचं रक्त चढवतात आणि कोणी रक्तगट बघत नाही, यावर सिव्हिलच्या मैत्रिणीनं आक्षेप घेतला. लँडस्टायनरनं रक्तगट १९०१ मध्ये जगासमोर आणले, म्हणून स्टोकर निर्दोष. ल्युसीचं जे झालं त्यात काउंटचा वाटा किती आणि डॉक्टरांचा किती, ते तुम्ही ठरवा.)

१८ मे १८९७ रोजी, पुस्तक यायच्या आठवडाभर आधी, लायसियमच्या स्टेजवर ‘ड्रॅक्युला’चं नाट्यवाचन झालं. नाटकाचे हक्क आपल्याकडे राहावेत म्हणून कायद्याची पूर्तता करायची होती. कंपनीतल्या दुय्यम नटांनी ते वाचलं, प्रेक्षक जवळजवळ नव्हतेच. आयर्व्हिंगनं काउंटची भूमिका करावी असं स्टोकरला वाटत होतं म्हणतात. उंच, हाडकुळा, आवाज काळीज कापणारा, त्याच्यासाठीच बेतल्यासारखी भूमिका. आयर्व्हिंगनं ती कधीच केली नाही. २६ मे रोजी पिवळ्या बांधणीचं पुस्तक सहा शिलिंगांना बाजारात आलं. परीक्षणं बरी आली, खप बरा झाला, आणि मॅनेजर दुसऱ्या दिवशी कामावर गेला.

पुढचं भराभर सांगते, कारण ते तसंच घडलं. फेब्रुवारी १८९८ मध्ये लायसियमच्या गोदामाला आग लागली आणि ४४ नाटकांचे सेट खाक झाले. खर्च वाचवायला आयर्व्हिंगनं त्याआधीच विम्याची रक्कम कमी करायला लावली होती. १८९९ मध्ये थिएटर एका कंपनीच्या हाती गेलं. हा सौदा स्टोकरला पसंत नव्हता. १३ ऑक्टोबर १९०५ रोजी ब्रॅडफर्डला प्रयोग करून हॉटेलवर परतताच आयर्व्हिंग गेला. वेस्टमिन्स्टर ॲबीत त्याच्या अस्थी पुरल्या. मृत्युपत्रात स्टोकरसाठी काही नव्हतं.

माझ्या कॉमिकच्या दुसऱ्या खर्ड्यात इथे मी आयर्व्हिंगला दात काढले होते. लांब झगा, समोर फिकट पडलेला स्टोकर, मानेवर दोन भोकं. अभ्यासकांपैकीही बरेचजण असंच म्हणतात की काउंट म्हणजे आयर्व्हिंग. पार्टनरला तो सीन फार आवडला. मला दोन दिवसांनी पटेना. आपल्या एन.एस.एस.च्या शिबिरात रक्त देणाऱ्याला आपण बळी म्हणत नाही, तो बाही वर करून स्वतः आलेला असतो. स्टोकरही स्वतः आला होता. त्याला माहीत होतं काय देतोय ते. आयर्व्हिंग गेल्यावर त्याला पक्षाघाताचा झटका आला, त्यातून उठून त्यानं काय लिहिलं? आयर्व्हिंगच्या आठवणींचे दोन खंड, १९०६ मध्ये. त्यात तक्रारीचा सूर शोधून सापडत नाही. फरक एवढाच की शिबिरात निदान बिस्किटाचा पुडा आणि सर्टिफिकेट मिळतं.

शेवटची वर्षं ओढगस्तीची होती. तब्येत ढासळलेली, १९११ मध्ये गरजू लेखकांना मदत करणाऱ्या रॉयल लिटररी फंडाकडे त्याला अर्ज करावा लागला आणि १०० पौंड मिळाले. जन्मभर दुसऱ्यासाठी अर्ज लिहिलेल्या माणसानं तो अर्ज कसा लिहिला असेल, यावर मी बराच वेळ विचार करत बसले होते. २० एप्रिल १९१२ रोजी लंडनमध्ये तो वारला. ‘टायटॅनिक’ बुडून पाच दिवस झाले होते, पेपरांना दुसरं काही दिसत नव्हतं. जे मृत्युलेख आले त्यांत तो आयर्व्हिंगचा माणूस म्हणूनच आला. १९१३ मध्ये फ्लोरेन्सनं त्याचे कागद लिलावात काढले. ‘ड्रॅक्युला’ची सगळी टिपणं दोन पौंडांच्या आसपास गेली. आज ती फिलाडेल्फियाच्या रोझेनबाख संग्रहालयात आहेत.

काउंट मात्र मालक गेल्यावर सुटला. १९२२ मध्ये जर्मनीत ‘नोस्फेराटू’ हा सिनेमा निघाला, परवानगी न घेता. फ्लोरेन्स कोर्टात गेली. १९२५ मध्ये सगळ्या प्रती नष्ट करायचा हुकूम मिळवला, तरी काही उरल्याच. उन्हात विरघळणारा व्हॅम्पायर तिथे जन्मला. १९२४ मध्ये डर्बीला हॅमिल्टन डीनचं नाटक आलं आणि काउंटला उंच कॉलरचा झगा मिळाला. पाठमोरा उभा राहून नट खालच्या झडपेतून पसार व्हायचा, तेव्हा त्याचं डोकं दिसू नये म्हणून ती कॉलर. म्हणजे जगभरच्या फॅन्सी ड्रेसमधली ती कॉलर एका स्टेज मॅनेजरची युक्ती आहे. स्टोकरला आवडली असती. १९३१ मध्ये बेला लुगोसी आला. अमेरिकन कॉमिकवाल्यांच्या आचारसंहितेनं १९५४ मध्ये व्हॅम्पायर काढायला बंदी घातली, ती १९७१ मध्ये उठली आणि पुढच्याच वर्षी मार्व्हलनं ड्रॅक्युलाचं मासिक सुरू केलं. त्याच वर्षी लहान मुलांच्या ‘सेसमी स्ट्रीट’वर आकडे मोजणारा काउंट अवतरला. आणि २०२४ मध्ये, तो जाऊन शंभर वर्षं उलटल्यावर, डब्लिनच्या नॅशनल लायब्ररीत जुने पेपर चाळताना एका वाचकाला सापडलेली स्टोकरची ‘गिबेट हिल’ ही विसरलेली गोष्ट उजेडात आली. १८९० च्या ख्रिसमसला छापलेली, म्हणजे ‘ड्रॅक्युला’च्या टिपणांच्याच वर्षातली.

माझं कॉमिक आता तिसऱ्या खर्ड्यावर आहे. कुठे छापून येईल माहीत नाही, तोवर आमच्या खोलीच्या दाराला आतून चिकटवलंय. काउंट खोली शोधून दमतो आणि नोकरी मागायला लायसियमच्या ऑफिसात येतो. दात दाखवतो, झगा पसरतो, मागे वीज चमकते. टेबलामागे एक लाल दाढीवाला माणूस पत्रं लिहीत बसलेला असतो. तो वर न बघता सांगतो की बाहेर बाकावर बसा, हातातलं काम संपलं की बोलावतो. पुढच्या चौकटीत घड्याळात रात्रीचे दोन. त्याच्या पुढच्या चौकटीत खिडकीतून ऊन आलंय, बाकावर काउंट पेंगतोय, आणि टेबलावर अजून गठ्ठाभर पत्रं बाकी आहेत.